बिब्याचें टरफल

एखाद्याच्या सुरळीत चाललेल्या कामांत कोणी विघ्न आणलें म्हणजे ‘त्यानें बिबा घातला’ असें आपण सहज बोलून जातों. बोलणाऱ्यानें बिबा हातांत धरून पाहिलेला असतोच असें नाहीं. शहरांतील कुटुंबाला तो तीन ठिकाणीं भेटतो. थंडीच्या डिंकाच्या लाडवांत किंवा बाळंतिणीच्या खुराकांत गोडंबी असते, ती बिब्याच्या आंतील बी. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या सोबतीनें जें काळें, चकाकणारें फळ ओंवलेलें असतें तो सबंध बिबा. आणि आजोबांच्या जुन्या धोतराच्या कोपऱ्यावर परटानें घातलेली, कितीहि धुतली तरी न जाणारी काळी खूण, तीहि बिब्याचीच. यांपैकीं बी आपल्या पोटांत जाते. खूण करते तें टरफल, आणि दृष्टीला भीति घालावयास दारावर टांगलें जातें तेंहि मुख्यतः त्या टरफलाच्या दरार्‍यामुळेंच.

श्रोतेहो, मी आज गोडंबीविषयीं थोडें व टरफलाविषयीं अधिक बोलणार आहें. फळांतील गर किंवा बी काढून घेतल्यावर जें कवच उरतें तें टाकाऊ, असा आपला घरगुती समज असतो. नारळाची करवंटी, काजूचें टरफल, भुईमुगाचीं फोलपटें यांना आपण एकाच केरांत जमा करतों. त्या केरांतून उद्योग कसे उभे राहिले, आणि एका ठिकाणीं ते उभे कां राहिले नाहींत, हा इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यास वाशीम जिल्ह्यासारखें ठिकाण नाहीं.

नव्या नकाशावर हा जिल्हा अगदीं तरुण आहे. १ जुलै १९९८ रोजीं तो अकोल्यापासून वेगळा झाला. पण इंग्रजी अमदानींत बाशीम या नांवाचा जिल्हा पूर्वींहि होता; तो १९०५ सालीं मोडून अकोल्यांत मिळविण्यांत आला. आणखी मागें गेलें तर हेंच वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिमासच उजेडांत आला. परंतु आज मला राजधानीशीं कर्तव्य नाहीं; तिच्या आसपासच्या डोंगरांशीं आहे. अजिंठ्याच्या रांगेचे फांटे या जिल्ह्यांतून पूर्वेकडे उतरत जातात. काटेपूर्णा तेथेंच उगम पावते, पैनगंगा दक्षिणेच्या सीमेनें वाहते. उतारांवर साग, सालई, धावडा, मोह, पळस, तेंदू यांच्या मेळ्यांत जागोजाग बिब्याचीं झाडें उभीं असतात. कोणी तीं मुद्दाम लावलेलीं नसतात. जमिनीचा मगदूर पाहून शेतकरी कापूस, तूर, आणि गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन पेरतो. बिबा पेरण्याचा विचार त्याच्या मनांत येत नाहीं. तें रानानें दिलेलें पीक आहे. रानाच्या कडेच्या गांवांतील गरीब माणसें, त्यांतहि बायका, तें गोळा करून आणतात.

हें फळ मोठें विचित्र आहे. देठाकडे पिवळें-नारिंगी मांसल बोंड आणि त्याच्या टोंकाला चिकटलेलें, सुमारें इंचभर लांबीचें, हृदयाच्या आकाराचें काळें फळ. बोंड भाजून किंवा वाळवून खातां येतें, मुलांना तें आवडतेंहि. काळ्या फळाच्या आंत गोडंबी. या दोन गोड वस्तूंच्या मध्यें मात्र एक भिंत आहे, आणि त्या भिंतींत मधाच्या पोळ्यासारखीं बारीक बारीक घरें असून तीं एका दाट, तेलकट रसानें भरलेलीं असतात. हा रस ताजा असतांना पिंगट दिसतो. वारा लागला कीं काळाभोर होतो. कातडीला लागला तर आधीं कांहींच वाटत नाहीं. कांहीं वेळानें खाज सुटते, मग आग होते, मग पाण्यानें भरलेले फोड येतात. याला खेड्यांत ‘बिबा उतणें’ म्हणतात. एकाला उततो, दुसऱ्याला उतत नाहीं, आणि ज्याला काल उतला नाहीं त्याला उद्यां उतणार नाहीं अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. वाशीमच्या आणि सभोंवतालच्या वऱ्हाडच्या या पट्ट्यांत बिबे फोडून गोडंबी काढण्याचें काम बायका करतात. दगडावर एक एक बिबा उभा धरावयाचा, वरून बेताचा घाव घालावयाचा, आणि टरफल दुभंगलें कीं आंतली बी अखंड निघेल असें पाहावयाचें. घाव हलका पडला तर टरफल फुटत नाहीं. जड पडला तर गोडंबीचा चुरा होतो व रस उडतो. हाताला कोणी राख चोळतें, कोणी खोबरेल लावतें. सायंकाळीं बोटें काळीं झालेलीं असतात. तो काळेपणा धुऊन जात नाहीं. कातडीच झडून नवी यावी लागते.

फोडणारीची मजुरी गोडंबीच्या वजनावर ठरते. टरफलाला त्या हिशेबांत स्थान नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीगत टरफलाच्या किमतीची आहे.

बिब्याच्या टरफलाची किंमत आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असें कोणी म्हणूं नये. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणांत भल्लातकाचे, म्हणजे बिब्याचे, दहा प्रयोग दिलेले आहेत, आणि त्यांत बिब्याचा रस काढण्याची जी कृति आहे ती वाचून मला तर मोठें कौतुक वाटलें. एक मजबूत, आंतून तेल मुरविलेला घडा जमिनींत गळ्यापर्यंत पुरावयाचा. त्यावर ठेंचलेल्या बिब्यांनीं भरलेलें सच्छिद्र भांडें ठेवावयाचें, वर झांकण घालावयाचें, काळ्या मातीनें सगळें लिंपून टाकावयाचें आणि सभोंवार गोवऱ्यांचा विस्तव करावयाचा. वरचें भांडें तापतें, टरफलांतील रस सुटून छिद्रांवाटे खालच्या थंड घड्यांत उतरतो. माणसाचा हात त्याला लागत नाहीं, ज्वाळाहि लागत नाहीं. आजच्या रसायनाच्या कारखान्यांत ज्याला हवाबंद भांड्यांत तापवून तेल गाळणें म्हणतात त्याचेंच हें खेडवळ रूप आहे. वैद्यलोक त्याला पाताळयंत्र म्हणतात. गांवोगांवचे लोक याच तऱ्हेनें मडक्यावर मडकें ठेवून बिब्याचें तेल काढीत आले. काळी माती आणि गोवऱ्या यांची तर वऱ्हाडांत कधींच वाण नव्हती!

हें तेल कशाकशाला लागे? लांकडाला वाळवी लागूं नये म्हणून तें फांसत. गाडीच्या कण्याला वंगण म्हणून घालीत. पायांत मोडलेल्या कांट्याच्या जागीं बिबा तापवून त्याचा चटका देत. भेगाळलेल्या टांचांना तें लावीत. पोटांत देण्याचेहि प्रकार होते. दिव्यावर बिबा धरून त्याचे थेंब दुधांत पाडावयाचे, याला शेवतें म्हणत. हा शेवटचा प्रकार मी केवळ इतिहास म्हणून सांगत आहें. कोणीं तो घरीं करूं नये. वैद्यसुद्धां बिबा शुद्ध केल्यावांचून वापरीत नसत. विटेच्या भुकटींत तो घोळून घोळून त्याचें तेल शोषून घेत, मगच औषधांत घालीत. म्हणजे विषाची जाणीव आणि उपयोगाची जाणीव हीं दोन्ही एकाच वेळीं होतीं.

बिब्याची ख्याति देशाबाहेरहि गेली होती. अरब हकीम त्याला बलाझुर म्हणत आणि स्मरणशक्ति वाढविण्यासाठीं देत. नवव्या शतकांत बगदादेस अल्-बलाझुरी नांवाचा इतिहासकार होऊन गेला. अरबांनीं सिंध जिंकल्याची हकीगत ज्या ग्रंथांतून आपणांस कळते त्याचा हा कर्ता. त्याच्या घराण्यांतील कोणी स्मरणशक्तीच्या लोभानें बिबा जास्त घेतला, त्यांत त्याला भ्रम होऊन मृत्यु आला आणि तेंच नांव घराण्याला चिकटलें, अशी आख्यायिका आहे. युरोपांत त्याच फळाला हृदयासारखें म्हणून ‘अनाकार्डियम’ म्हणत. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत या फळावर एक संवाद लिहिला असून, येथले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात असें नमूद केलें आहे. आमच्या भाषेंतील एक रानटी शब्द साडेचारशें वर्षांपूर्वींच्या छापील पोर्तुगीज पुस्तकांत असा भेटतो.

आतां या कथेंत दुसरें पात्र येतें. पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून काजू आणला. १५७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्रिश्तोव्हांव द कॉश्त याच्या ग्रंथांत कोचीनच्या बागेंतील काजूचा उल्लेख सांपडतो. काजूहि बिब्याचाच भाऊबंद. बोंडाच्या टोंकाला बी, बीभोंवतीं टरफल, आणि टरफलाच्या पोळ्यांत तसाच झोंबणारा रस. साम्य इतकें कीं लिनीयसनें १७५३ सालीं वनस्पतींचें नामकरण केलें तेव्हां ‘अनाकार्डियम’ हें बिब्याचें जुनें नांव त्यानें उचलून काजूला देऊन टाकलें. पुढें त्याच्या मुलानें १७८२ सालीं बिब्याला नवें कुलनाम दिलें. ‘खूण करणारें फळ’ असा त्याचा अर्थ. म्हणजे पाहुण्यानें घरच्याचें नांव घेतलें आणि घरच्याला परटाच्या धंद्यावरून नांव मिळालें. पुढल्या काळांत नांवाबरोबर बाजारहि पाहुण्याकडेच गेला.

परटाचा उल्लेख आलाच आहे, तर तेवढें सांगून पुढें जाऊं. बिब्याला सुई टोंचून तिच्या टोंकावर आलेल्या रसानें कपड्यावर खूण करावयाची व वर चुन्याचें पाणी लावावयाचें, म्हणजे खूण पक्की होते, ही युक्ति हिंदुस्थानभर धोबी वापरीत. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेची फौज या देशांत आली. तिच्यांतील सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जेथें जेथें कपड्याची खूण टेंके तेथें तेथें, फोडांचे चट्टे उठूं लागले. प्रथम हा कोणता रोग हें उमगेना. १९४३ सालीं तिघां अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं आपल्या देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत त्याचा उलगडा छापला: दोष धोब्याच्या खुणेचा, आणि खूण बिब्याची. धुऊन, वाळवून, इस्त्री करूनहि ज्याची आग शिल्लक राहते, तो रस रोज उघड्या हातांनीं हाताळणाऱ्या बाईची काय कथा!

हा रस आहे तरी काय? या प्रश्नाचा शास्त्रीय पाठलाग आपल्याच देशांत सुरू झाला. १९२५ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकांत बिब्याच्या घटकांवर निबंध आला. १९३१ सालीं पिल्लै व सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं बिब्याची रासायनिक परीक्षा प्रसिद्ध केली. सर्पगंधेंतून औषधी द्रव्य वेगळें करणारे ते हेच सिद्दिकी. टरफलांतील मुख्य द्रव्याला ‘भिलावनॉल’ असें आपल्या भिलाव्यावरून नांव पडलें. जपानांत लाखेच्या झाडाचा जो चीक असतो त्याचें द्रव्य रीको माजिमा या रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं उलगडून दाखविलें होतें. बिब्याचा रस त्याचा अगदीं सख्खा भाऊ निघाला. दोहोंतहि कार्बनच्या पंधरा मण्यांची लांब शेपटी आणि तिच्या डोक्याला जोडलेलें, हवेशीं झटकन् संयोग पावणारें कडें. शेपटीमुळें तें कातडींतून आंत शिरतें, कड्यामुळें आंत गेल्यावर उपद्रव करतें. पण त्याच कड्यामुळें हवेंत तें काळें, टणक, पाणी न शिरणारें पापुद्र्यासारखें होतें. जपान्यांनीं त्या पापुद्र्याची कला केली. वाडगे, पेट्या, पडदे शतकानुशतकें त्या चिकानें रंगविले. त्यांच्या कारागिरांनाहि तो उततो. आमच्याकडे त्याच गुणाच्या द्रव्यानें परटाची खूण झाली आणि गाडीचा कणा. महायुद्धाच्या काळांत बिब्याच्या तेलाचें रोगण करण्याचे प्रयोगहि आपल्या देशांत झाले, पण वाशीमच्या रानापर्यंत त्यांचा उजेड पोंचला नाहीं.

काजूचें मात्र निराळें झालें. काजूच्या टरफलांतील आम्ल स्टेडलर या रसायनशास्त्रज्ञानें १८४७ सालींच वेगळें केलें होतें, तरी पाऊण शतक तें प्रयोगशाळेंतच राहिलें. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत काजूगराची आवड वाढली व केरळांत कोल्लम आणि कर्नाटकांत मंगळूर येथें काजू फोडण्याचे मोठाले कारखाने निघाले. तेथेंहि फोडणाऱ्या बायकाच. पण घरोघर पसरलेल्या ओट्यांवर एक एक मूठ फोडण्याऐवजीं शेंकडों बायका एका छपराखालीं बसूं लागल्या. कच्च्या काजूच्या वजनांत शेंकडा ७० च्या आसपास टरफल असतें. त्यामुळें कारखान्याच्या मागें रोज डोंगर साचूं लागला. हा डोंगर टाकावयाचा कोठें, ही मालकापुढें अडचण झाली, आणि तीच अडचण पुढें उत्पन्नाचें साधन ठरली. टरफलाच्या वजनाच्या चौथाईइतकें तेल त्यांतून निघतें. अमेरिकेंत न्यू जर्सी येथील वार्निशाच्या एका कंपनींत मॉर्टिमर हार्वे हा रसायनशास्त्रज्ञ या तेलाच्या मागें लागला. फॉर्माल्डिहाइडशीं संयोग करून त्याची राळ बनते, ती तापली तरी वितळत नाहीं, आणि घांसली तरी लवकर झिजत नाहीं, असें दिसून आलें. अशी वस्तु मोटारीच्या ब्रेकला हवीच होती. दुसरें महायुद्ध आलें तेव्हां अमेरिकन सरकारनें या तेलाच्या वाटपावर नियंत्रण घातलें, इतकी त्याची गरज भासली. आज आपण ज्या मोटारींत बसतों त्यांच्या ब्रेकमध्यें काजूच्या टरफलाची भुकटी असण्याचा पुष्कळ संभव आहे. रंगांत, वार्निशांत, जहाजांच्या लेपांतहि तें द्रव्य जातें.

कोंकणांत वेंगुर्लें, मालवण, आणि घांटावर आजरें, चंदगड या बाजूंस काजूचे लहान-मोठे कारखाने आहेत. तेथें टरफल भट्टीला जातें. त्याची आंच लांकडाहून कडक असते, पण तेल न काढतां जाळलें तर धूर डोळ्यांना व छातीला असह्य होतो. म्हणून शहाणा कारखानदार आधीं घाण्यांत टरफल दाबून तेल काढून घेतो आणि उरलेली पेंड जळणाला देतो. एकाच टरफलाचीं दोन उत्पन्नें होतात, आणि धुराची तक्रारहि बरीच कमी होते.

नारळाच्या करवंटीचा इतिहास आणखी नाट्यमय आहे, पण येथें थोडक्यांतच सांगतों. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनीं क्लोरिन वायु सोडला. त्यानंतर विषारी वायु शोषून घेणारा कोळसा कशाचा करावा याचा शोध सुरू झाला, व करवंटीचा कोळसा सर्वांत सरस ठरला. तो कठीण असून त्याच्या पोटांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. करवंट्या पुरेनात, तेव्हां १९१८ सालीं अमेरिकेंत शाळकरी मुलें पीच फळाच्या कोयी आणि अक्रोडाचीं टरफलें गोळा करीत घरोघर फिरलीं. दुसऱ्या युद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां आपल्याकडे मोटारींच्या पाठीला कोळशाच्या वायूचीं पिंपें लागलीं, तें अनेक घरांतील वडील माणसांच्या आठवणींत राहिलें. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरून ढकलावें, अशी त्या मोटारींची कीर्ति होती.

मग बिब्याच्या टरफलाचा कोळसा, बिब्याच्या टरफलाचें जळण कां नाहीं? वाशीमच्या खेड्यांत चुलींत पऱ्हाट्या जळतात, तुऱ्हाट्या जळतात, गोवऱ्या जळतात, पण शहाणी गृहिणी बिब्याचें टरफल चुलींत घालीत नाहीं. त्याचा धूर लागला तर चेहरा सुजतो, डोळे मिटतात. हें कोणत्याहि पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तेल आधीं काढून घेतलें पाहिजे, मगच उरलेलें टरफल विस्तवाला द्यावें. चरकाच्या घड्यांतहि हाच क्रम होता, आणि काजूच्या घाण्यांतहि हाच आहे.

तेव्हां काजूच्या टरफलाचा उद्योग झाला व बिब्याच्या टरफलाचा झाला नाहीं, याचें कारण रसायनांत शोधणें व्यर्थ आहे. बिब्याचा रस काजूच्या रसाहून रोगणाला हलका नाहीं. सुकण्याच्या बाबतींत तर तो कदाचित् वरचढच ठरेल. फरक पडला तो ढिगाचा. काजू बागेंतून येतो, कारखान्यांत फुटतो, आणि टरफल एका जागीं साचतें. बिबा रानांत विखुरलेला, गांवोगांवच्या ओट्यांवर फुटलेला, आणि टरफल प्रत्येक दारापुढें चिमूटभर. तें पोत्यांत भरून तेल काढणारा घेऊन जातो, त्याला तें जवळजवळ केराच्या भावानेंच मिळतें. जेथें ढीग नाहीं तेथें शास्त्रज्ञ पोंचत नाहीं, भांडवल पोंचत नाहीं, आणि दरहि पोंचत नाहीं. दुसराहि एक फरक आहे, तो सांगण्यास मला संकोच वाटतो. काजूच्या कारखान्यांत बायकांच्या हाताला जेव्हां व्रण पडले, तेव्हां तेथें संघ होते, तक्रारी झाल्या, कायद्याची नजर गेली. डोंगरउतारावर एकटी बसून बिबा फोडणारीची तक्रार ऐकावयास तेथें कोणी नसतें.

बिबा फोडण्याचीं यंत्रें निघालेलीं आहेत. तीं चांगलीं आहेत असें मी मानतों, पण एका अटीवर. यंत्र आलें कीं टरफलाचा ढीग एका जागीं होईल, आणि ज्याच्या दारांत यंत्र त्याच्या दारांत ढीग. गोडंबीची मजुरी जाईल ती बाईची. टरफलाचें नवें उत्पन्न येईल तें यंत्राच्या धन्याचें. हा हिशेब आधीं न करतां यंत्र वांटलें तर हात वांचतील आणि पोट जाईल. तेंच यंत्र, त्याच्या शेजारीं एक बंद घाणा व एक धुराडें असलेली भट्टी, हें सारें फोडणाऱ्या बायकांच्या गटाच्या मालकीचें झालें, तर गोडंबीच्या वजनाबरोबर तेलाचें वजनहि त्यांच्याच वहींत लिहिलें जाईल. गोडंबीला गिऱ्हाईक आहे, तेलालाहि आहे.

तोंवर निदान हातमोज्यांची तरी सोय व्हावी, असें म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांस एक माहिती द्यावीशी वाटते. या जातीचा रस पातळ रबराच्या मोज्यांतून हळूहळू आरपार जातो. मोजा चढवून निर्धास्त बसलेल्या बाईचा हात मोज्याच्या आंत उततो, आणि दोष मात्र तिच्या निष्काळजीपणावर येतो. त्यासाठीं जाड व्हिनाइलचे मोजे लागतात. ते घालून इंचभर फळ चिमटींत उभें धरणें कठीण जातें, घाव चुकतो, गोडंबीचा चुरा होतो. आणि चुऱ्याला भाव कमी.